नांगराची पूजा आमच्या हातची, पाना कोणाच्या हाती?



मागच्या महिन्यात आमच्या गटाची बैठक नेहमीपेक्षा तासभर लांबली. बचतीचे पैसे गोळा झाले, वहीवर सह्या झाल्या आणि मग पडवीत प्लास्टिकखाली उभ्या असलेल्या आमच्या जुन्या पॉवर टिलरचा विषय निघाला. आदल्या आठवड्यात भंगारवाला दारावरून जाता जाता त्याची किंमत सांगून गेला होता. निम्म्या बायका म्हणाल्या, "ताई, देऊन टाका. दरवर्षी काहीतरी मोडतंय." निम्म्या म्हणाल्या, "दिला तर जुलैमध्ये चिखलणीला कोणाच्या दारात उभं राहायचं?"

त्या रात्री मला झोप लागेना. हा टिलर आमच्याकडे कसा आला, त्याआधी काय होतं आणि प्रत्येक वेळी अवजार मोडलं की ते नीट कोण करायचं, हा विचार डोक्यात फिरत राहिला. आजचं बोलणं त्यावरच आहे. इतिहास म्हटलं की आपल्याला राजे आणि किल्ले आठवतात. रायगड तर आपल्या जिल्ह्यातच आहे. पण नांगराला, पान्याला आणि इंजिनालाही इतिहास असतो, आणि त्यात आपण बायका कुठे उभ्या होतो हे बघण्यासारखं आहे.

आधी जुना काळ घेऊ. आपल्या आज्यांच्या वेळी नांगर लाकडाचा होता. सुतार तो घडवायचा, लोहार त्याला फाळ बसवायचा. दोघेही गावचे बलुतेदार. मोडलं-तुटलं तर त्यांच्याकडे जायचं आणि सुगीला भाताच्या रूपात त्यांचं बलुतं द्यायचं. नांगराची दुरुस्ती गावातच व्हायची. सकाळी मोडलेला नांगर बऱ्याचदा दुपारी परत चिखलात असायचा.

पण त्या नांगराला बाईचा हात लागायचा नाही. बाईने नांगर धरला तर पाऊस पडत नाही, घराला दोष लागतो, असं सांगितलं जायचं. राब भाजायला पाला-गोवर आम्ही डोक्यावरून आणायचा. रोपं खणायची आम्ही. डोक्यावर इरलं घेऊन, कंबरेत वाकून लावणी करायची आम्ही. बेणणी, कापणी, झोडणी यांतही आमचाच हात. फक्त नांगराची मूठ तेवढी पुरुषाची. आणि खंडेनवमीला त्याच नांगराला हळद-कुंकू लावायला मात्र आम्हीच. पूजेला चालतो, कामाला चालत नाही, असा तो हिशेब होता.

पुढे लोखंडी नांगर आला. लक्ष्मणराव किर्लोस्करांचं नाव आपण सगळ्यांनी ऐकलेलं आहे. बेळगावात त्यांचं सायकलींचं दुकान होतं. तिथेच १९०३ च्या सुमारास त्यांनी लोखंडी नांगर बनवायला घेतला. शेतकऱ्यांचा विश्वास बसेना. लोखंडाने जमीन विषारी होते, असं लोक म्हणायचे. पहिला नांगर विकायला त्यांना दोन वर्षं लागली, असं सांगतात. पुढे औंध संस्थानच्या राजांनी कुंडलजवळची जागा दिली आणि १९१० मध्ये तिथे किर्लोस्करवाडी उभी राहिली.

या नांगराने दुरुस्तीची पद्धतच बदलून टाकली. लाकडी नांगराचा प्रत्येक भाग त्या त्या नांगरापुरता घडवलेला असायचा. कारखान्याच्या नांगराचे भाग एकसारखे. फाळ झिजला की नवा फाळ आणायचा, दोन नटबोल्ट काढायचे आणि बसवायचा. आता सुताराचं कसब लागत नव्हतं, लागत होता एक पाना आणि योग्य नंबरचा सुटा भाग. म्हणजे दुरुस्ती सोपी झाली. ती कोणालाही करता आली असती, बाईलासुद्धा. पण पाना घराच्या त्याच कोपऱ्यात जाऊन पडला, जिथे नांगर होता.

गंमत बघा. याच किर्लोस्करवाडीतून १९३० मध्ये 'स्त्री' नावाचं मासिक निघालं. बाईने शिकावं, बोलावं, स्वतःचं मत मांडावं असा त्याचा रोख होता. एकाच गावातून नांगरही निघाला आणि बायकांचं मासिकही निघालं. पण आपल्या गावांपर्यंत यायला दोघांनाही बराच वेळ लागला. आणि एकत्र तर ते अजून आलेलेच नाहीत, असं मला कधीकधी वाटतं.

आता आपल्या भागाकडे येऊ. नांगर कोणता हा प्रश्न नंतरचा, आधीचा प्रश्न होता जमीन कोणाची. आपला जिल्हा तेव्हा कुलाबा. १९८१ मध्ये त्याचं नाव रायगड झालं. आपल्याकडे आणि खाली रत्नागिरीत खोती होती. कसणारा कूळ, पिकातला मोठा वाटा खोताचा. अलिबागजवळ चरी आणि आसपासच्या गावांतल्या शेतकऱ्यांनी १९३३ मध्ये शेत कसायचंच बंद केलं. नारायण नागू पाटील त्यांचे पुढारी होते. तो संप १९३९ पर्यंत चालला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. खोती रद्द करणारा कायदा शेवटी १९४९ मध्ये झाला. कूळ कायदा १९४८ चा, आणि १ एप्रिल १९५७ या कृषक दिनापासून कसणारी कुळं जमिनीची मालक ठरू लागली.

संपाच्या त्या सहा वर्षांत घरात चूल कशी पेटत होती, हे कुठल्या कायद्यात लिहिलेलं नाही. मोळ्या विकून, मोलमजुरी करून, रानातला पाला-कंद शिजवून बायकांनीच घरं तगवली असणार. पण जमीन नावावर झाली तेव्हा सातबाऱ्यावर नाव बहुतेक घरांत पुरुषाचंच लागलं.

जमीन मिळाली, पण ती तुकड्यांची. डोंगरउताराला चार गुंठे, पाण्याकडेला सहा गुंठे, मध्ये बांध. आणि घरातला पुरुष तर मुंबईला. आपल्या कोकणातल्या किती पिढ्या गिरणगावात गेल्या! मनीऑर्डर यायची, माणूस गणपतीला आणि शिमग्याला यायचा. म्हणजे शेत बाई बघणार, पण नांगर धरायला तिला परवानगी नाही. मग दुसऱ्याचे बैल, दुसऱ्याचा नांगऱ्या. त्याची स्वतःची नांगरणी झाली की मग तिच्याकडे. लावणीला उशीर झाला तर तिचाच तोटा. भाताचं रोप साधारण २१ ते २५ दिवसांचं असताना लावलेलं चांगलं. त्यापुढे ते राबात जून होतं, लावल्यावर फुटवे कमी येतात. म्हणजे ज्याच्या हातात नांगर, त्याच्या हातात तिचं वर्षाचं पीक.

घाटावर याच काळात मोठे ट्रॅक्टर यायला लागले होते. आपल्या खाचरांत ते कसे चालणार? वळायलाच जागा नाही, चिखलात रुततील, बांध फोडतील. आपल्यासारखीच अडचण जगात आणखी एका देशाला होती. तो देश म्हणजे जपान. तिथेही भातशेती, तिथेही लहान खाचरं.

जमीन फाळाने उलटण्याऐवजी फिरत्या पात्यांनी भुसभुशीत करायची, ही कल्पना जपानची नव्हे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला स्वित्झर्लंडमध्ये तशी यंत्रं निघाली. ऑस्ट्रेलियात आर्थर क्लिफर्ड हॉवर्ड नावाच्या शेतकऱ्याच्या मुलाने १९१२ मध्ये वडिलांच्या शेतावर तसेच प्रयोग केले. जपानी लोकांनी ही यंत्रं मागवली आणि आपल्या चिखलाप्रमाणे बदलून घेतली. ओकायामा भागात कोजिमा नावाच्या खाडीत समुद्र हटवून जमीन केलेली आहे, आपल्या खारजमिनीसारखीच. तिथे ही यंत्रं आधी रुजली. मग दुसरं महायुद्ध संपलं. १९४६ ते १९५० या काळात जपानने कुळांना जमिनी दिल्या, जसं आपल्याकडे १९५७ नंतर झालं. मालकी लहान झाली तसं यंत्रही लहान हवं झालं. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत तिथे हातात धरून चालवायचे टिलर लाखोंनी शेतात उतरले.

तिथून ते आपल्या देशात आले. १९६७ मध्ये बंगळूरला व्ही.एस.टी. कंपनी सुरू झाली, तिने जपानच्या मित्सुबिशीकडून तंत्र घेतलं. १९७३ मध्ये केरळ सरकारची कॅमको कंपनी निघाली, तिने कुबोटाकडून घेतलं. कोकणासाठी दापोलीला १९७२ मध्ये कृषी विद्यापीठ झालं. त्याचंच कृषी विज्ञान केंद्र आपल्या शेजारी रोह्याजवळ किल्ला इथे आहे. भिऱ्याला टाटांचं वीजघर १९२७ पासून आहे. तिथून सुटणारं पाणी पुढे डोलवहाळच्या बंधाऱ्यावरून कालव्यात घेतलं, आणि रोहा-माणगावच्या कालव्याखालच्या गावांत पावसाळ्यानंतर उन्हाळी भातही होऊ लागलं. दोन पिकं म्हणजे दोन वेळा चिखलणी. बैल ठेवणंही महाग होत गेलं. हळूहळू बैलाच्या जागी टिलर आला.

टिलरने काय बदललं, त्याचा एक साधा हिशेब सांगते. बैलाच्या नांगराचं तास साधारण सहा इंच रुंद. त्या हिशेबाने एक एकर, म्हणजे ४० गुंठे, एकदा नांगरायला माणसाला सुमारे २७ किलोमीटर चालावं लागतं. टिलरची पाती दोन फूट रुंद माती फिरवतात. तेच एक एकर पावणेसात किलोमीटरमध्ये होतं. आणि अंगातली ताकद बैलाची नाही, इंजिनाची. म्हणजे नांगर धरायला पुरुषाचीच ताकद लागते, हे जुनं कारण उरलंच नाही.

तरीही टिलरची मूठ बाईच्या हातात आपोआप आली नाही. ती यायला बचत गट लागले. १९७५ मध्ये महिला आर्थिक विकास महामंडळ झालं. १९९२ मध्ये नाबार्डने गटांना बँकेशी जोडायला सुरुवात केली. २०१४ नंतर केंद्राच्या कृषी यांत्रिकीकरणाच्या योजनेत महिला शेतकऱ्यांना ५० टक्क्यांपर्यंत अनुदान ठरलं. कागदावर तर आपण पुढे आलो.

आमच्या गटाला नवा टिलर परवडणारा नव्हता. आम्ही कर्ज काढून दहा-बारा वर्षं वापरलेला घेतला. पहिली दोन वर्षं बरी गेली. चालवायला गावातला एक मुलगा होता, आम्ही भाडं गोळा करायचो. तिसऱ्या वर्षी लावणीच्या ऐन आठवड्यात टिलर खाचरात बंद पडला. हॅण्डल मारून मारून मुलाचे हात सुजले. बाजारातल्या मेकॅनिकला फोन केला. तो म्हणाला, उद्या येतो. असे पाच उद्या गेले. त्याचीही चूक म्हणवत नाही, त्या आठवड्यात सगळ्या तालुक्याचे टिलर बंद पडतात. सहाव्या दिवशी तो आला. डिझेलची रबरी नळी उंदराने कुरतडली होती, तिथून इंजिनात हवा जात होती. त्याने वीतभर नळी बदलली, दोन स्क्रू सैल करून हवा काढली आणि पहिल्याच हॅण्डलला टिलर सुरू झाला. पंधरा मिनिटांचं काम. आमच्या सात घरांची रोपं तोवर राबात पिवळी पडली होती.

त्या वर्षी कर्जाचा हप्ता आम्ही बचतीतून भरला. मला तेव्हा आजीची पिढी आठवली. तीही बांधावर उभी राहून कोणाच्या तरी येण्याची वाट बघायची, आम्हीही बघत होतो. नांगऱ्याच्या जागी मेकॅनिक आला एवढाच फरक. अवजार आमचं होतं, कर्ज आमच्या नावावर होतं, पण मूठ अजून दुसऱ्याच्याच हातात होती. कारण आता मूठ म्हणजे पाना.

मग आम्ही गावातल्या एका आजोबांकडे गेलो. ते मुंबईच्या गिरणीत फिटर होते. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. तो कधी नीट मिटलाच नाही आणि हजारो कोकणी माणसं गावाकडे परतली. त्यांत हेही आले. आपल्या गावांत पंपाची, इंजिनाची, शिलाई मशीनची दुरुस्ती करणारी कितीतरी म्हातारी माणसं अशी गिरणीतून आलेली आहेत. लोकांना वाटतं ते हात हलवत परत आले. मला तसं वाटत नाही. हातातलं कसब ते घेऊन आले होते, आम्हीच कधी विचारलं नव्हतं.

आजोबा म्हणाले, "पोरींनो, शिलाई मशीनला तेल घालता ना? दोरा अडकला तर काढता ना? मग याला काय घाबरता? हे जरा मोठं आणि मळकं, एवढंच."

चार रविवार त्यांनी आम्हाला शिकवलं. त्यातलं जे प्रत्येकीला घरी करता येईल तेवढं सांगते.

पहिली गोष्ट इंजिनाची. रुडॉल्फ डिझेल नावाच्या जर्मन माणसाने १८९० च्या दशकात हे इंजिन काढलं. त्यात ठिणगी पाडणारा प्लग नसतो. आत घेतलेली हवा इतकी दाबली जाते की ती तापते आणि डिझेल फवारलं की आपोआप पेटतं. म्हणून या इंजिनाला दोनच गोष्टी जपायच्या, स्वच्छ हवा आणि स्वच्छ डिझेल. हवेच्या गाळणीच्या खालच्या वाटीत तेल असतं. त्यात माती साचली की वाटी धुऊन नवं तेल घालायचं. ही वाटी वेळेवर धुतली नाही तर धूळ आत जाते, पिस्टनच्या रिंगा झिजतात आणि हजारोंचा खर्च निघतो. वाटी धुवायला खर्च थोड्या तेलाचा.

दुसरी गोष्ट डिझेलची. पावसाळ्यात कॅनमध्ये पाणी शिरतं. डिझेल एक रात्र स्थिर ठेवून वरचं वरचं गाळून घ्यायचं, तळाचं घ्यायचं नाही. टाकी कोरडी पडली किंवा नळी फुटली की आत हवा शिरते. मग गाळणीवरचा लहान स्क्रू सैल करायचा. आधी बुडबुडे येतात, मग सलग डिझेल येतं, तेव्हा घट्ट करायचा. तसंच पुढे पंपाजवळ. आमचे सहा दिवस ज्यात गेले ते एवढंच काम होतं.

तिसरी गोष्ट धुराची. काळा धूर म्हणजे हवा कमी पडतेय किंवा ओझं जास्त झालंय. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑईल जळतंय. पांढरा धूर राहिला तर डिझेल नीट पेटत नाही किंवा पाणी आत जातंय. चुलीचा धूर बघून लाकूड ओलं की सुकं हे आपल्याला कळतं. हे तसंच आहे.

चौथी गोष्ट पट्ट्यांची. इंजिनाची ताकद पट्ट्यांवरून गिअरकडे जाते. इंजिन बंद असताना पट्टा मधोमध अंगठ्याने दाबायचा. साधारण अर्धा इंच दबला तर ठीक. सैल पट्टा घसरून जळतो, फार ताणलेला बेअरिंग खातो. एक पट्टा तुटला तर सगळे एकदम बदलायचे, नाहीतर नव्यावरच सगळा भार येतो.

पाचवी गोष्ट पात्यांची. काम झालं की पाती धुवायची, नट कसायचे. पात्यांत डावी-उजवी असतात. अदलाबदल झाली की माती एका बाजूला ढिगाऱ्यासारखी पडते. फिरत्या दांड्याच्या टोकांना पेंढा आणि नायलॉनची दोरी गुंडाळली जाते, ती रोज काढायची. नाहीतर ऑईल सील कापलं जातं आणि चिखलाचं पाणी आत शिरतं. गिअरचं तेल ताकासारखं दिसलं तर समजायचं, पाणी गेलंय.

आणि हंगाम संपला की टिलर धुऊन, पुसून, उघड्या लोखंडाला जुनं तेल चोळून, चाकांखाली फळ्या देऊन कोरड्या जागी ठेवायचा. नळ्यांना उंदीर लागतो का ते महिन्यातून एकदा बघायचं. एवढं केलं तर जुना टिलर अजून कितीतरी वर्षं काम देतो.

आता जिवाची गोष्ट, ती नीट ऐका. काम सुरू करण्याआधी साडीचा पदर खोचायचा, वरून शर्ट घालायचा, ओढणी नको, बांगड्या काढून ठेवायच्या. पट्ट्यावरचं झाकण काढून टिलर कधी चालवायचा नाही. पात्यांत काही अडकलं तर इंजिन बंद केल्याशिवाय हात घालायचा नाही. पाती फिरत असताना मागे घ्यायचा नाही, पाय पात्यांत जातो. हॅण्डल मारताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा. हॅण्डलने उलटा झटका दिला तर मनगट वाचतं.

आणि उतारावर एक मोठा धोका आहे. टिलरला वळायला दोन मुठींजवळ दोन क्लच असतात. सपाटीवर डावा दाबला की टिलर डावीकडे वळतो. पण उतारावरून खाली येताना डावा दाबला तर तो उजवीकडे वळतो, कारण सोडलेलं चाक इंजिनाच्या धाकातून सुटून पुढे धावतं. आपल्या डोंगरउताराच्या वाटांवर हे ठाऊक नसेल तर माणूस सरळ बांधाखाली जातो. उतारावर क्लच दाबायचा नाही. खालच्या गिअरमध्ये, हळू, मुठी ढकलूनच वळवायचा.

सगळंच घरी करायचं नाही, हेही आजोबांनी बजावलं. पंप, नोझलचा दाब, गिअरबॉक्सच्या आतलं काम हे जाणकाराकडेच न्यायचं. पण नेताना काय बिघडलंय हे आपल्याला सांगता आलं पाहिजे. नाहीतर जे बिल येईल ते भरावं लागतं.

यानंतर आम्ही एक वही केली. किती तास चालला, ऑईल कधी बदललं, कोणता भाग कितीला आणला, सगळं तिच्यात. पहिल्या पानावर भागांचे नंबर लिहिले. आता बाजारात गेलं की "ते गोल गोल असतं ना ते द्या" असं म्हणावं लागत नाही. नंबर सांगायचा, जुना भाग काउंटरवर ठेवायचा. पहिल्यांदा दुकानदाराने विचारलं, "घरातून कोणी आलं नाही का?" आमच्यातली एक काकू म्हणाली, "मी आले की!"

आता बैठकीचं सांगते. मी वही घेऊन गेले आणि गेल्या तीन वर्षांचा दुरुस्तीचा खर्च वाचून दाखवला. ज्या म्हणत होत्या दरवर्षी मोडतंय, त्यांचं खरं होतं. दरवर्षी काहीतरी मोडलंच होतं. पण मोठा खर्च एकदाच झाला होता, तोही शिकण्याआधीच्या दुर्लक्षाचा. बाकी सगळं नळी, पट्टे, सील, तेल. आणि या तीन वर्षांत लावणीच्या आठवड्यात टिलर एक दिवसाच्या वर उभा राहिलेला नव्हता. सात घरांची रोपं पिवळी पडली ते वर्ष सगळ्यांच्या लक्षात होतं. मग ज्या काकूंची रोपं तेव्हा सगळ्यात जास्त गेली होती, त्याच म्हणाल्या, "ठेवा. भंगारवाल्याचे पैसे दिवाळीत संपतील."

टिलर ठेवायचं ठरलं. अजूनही तो चालवणाऱ्या आमच्यात दोघीच आहेत. चारशे किलोच्या वरचं यंत्र चिखलात वळवणं सोपं नाही, आणि गावात हसणारेही आहेत. पण पाना हातात घेणाऱ्या नऊजणी झाल्या आहेत. आपल्याच तालुक्यात लोणेऱ्याला तंत्रशास्त्राचं विद्यापीठ आहे, तिथे मुली इंजिनियर होतात. त्यांच्या आयांनी टिलरचा नट कसला तर पाऊस थांबणार नाही.

मैत्रिणींनो, तुमच्याही गावात कुठल्यातरी पडवीत असा एखादा टिलर, पंप नाहीतर फवारा पडून असेल. भंगारात द्यायच्या आधी एक रविवार त्याच्यासाठी काढा. गावात गिरणीतून किंवा वर्कशॉपमधून आलेले कोणी आजोबा असतील तर त्यांना चहाला बोलवा. वही करा. मृगाआधी नळ्या, पट्टे, तेल बघून ठेवा, म्हणजे आषाढात बांधावर वाट बघत उभं राहायची वेळ येणार नाही.

आणि यंदा खंडेनवमीला अवजारांना हळद-कुंकू लावाल तेव्हा ताटात पानाही ठेवा. पूजा झाली की तो उचलून ज्याच्या त्याच्या कोपऱ्यात टाकू नका. आपल्या हाताशी, आपल्या डब्याजवळ ठेवा.